छोट्या नौकेवर नॅवटेक्स रिसीव्हर कसा बसवावा, आणि मोबाईल असताना तो लागतोच का?

तुम्ही नागपूरला राहता, मुंबईत मित्रांबरोबर भागीदारीत शिडाची नौका घेतली आहे, आणि तिच्यावर नॅवटेक्स (किनाऱ्यावरच्या स्टेशनांनी ५१८ किलोहर्ट्झवर पाठवलेले इशारे आणि हवामान आपोआप पडद्यावर उमटवणारा रेडिओ) बसवावा की मोबाईलवरच्या हवामानावर भागवावे, यावर तुमच्यात एकमत होत नाही, असे प्रश्नात लिहिले आहे. बसवावा. मी व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो, निवृत्तीनंतर नागपुरात स्थायिक झालो, आणि नेमका हाच वाद माझा साडूंशी कित्येक वर्षे चालला आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

साडू मुंबईचे. त्यांची स्वतःची मोटरबोट आहे आणि सुट्टीत ते मांडव्याला, कधी मुरूडपर्यंत जातात. त्यांनी हौसेने नॅवटेक्स घेतला, गोदीतल्या एका इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतला, आणि महिन्याभरात ‘हे यंत्र निरुपयोगी, स्टेशनच बंद असते’ असा निकाल दिला. मी बोटीवर गेलो तेव्हा पडद्यावर संदेश येत होते, पण प्रत्येक ओळीत अक्षरांच्या जागी तारांकने होती. नॅवटेक्स प्रत्येक अक्षर दोनदा पाठवतो, आणि दोन्ही वेळा ते बिघडले तरच तिथे तारांकन पडते. म्हणजे स्टेशन चालू होते, बिघाड बोटीवरच होता. अँटेना केबिनच्या छपराखाली, बॅटरी चार्जरपासून हातभर अंतरावर बसवलेला होता आणि त्याची केबल एलईडी दिव्यांच्या वायरींबरोबर एकाच गठ्ठ्यात बांधलेली होती. प्रत्येक स्टेशनला ओळखीचे एक अक्षर आणि संदेश पाठवण्याची ठरलेली पाळी असते. मुंबई स्टेशनचे अक्षर जी, त्याची पाळी आपल्या घड्याळाने सकाळी ६.३० पासून दर चार तासांनी येते. १०.३० च्या पाळीआधी मी चार्जर आणि दिवे बंद करायला लावले, आणि मुंबई हायकडच्या रिगच्या जागांचा लांबलचक इशारा पहिल्या ओळीपासून संदेश संपल्याची खूण असलेल्या एन-एन-एन-एन पर्यंत स्वच्छ उमटला. तरी साडूंचे म्हणणे एकच: ‘‘योगायोग आहे. आणि नागपुरात राहून समुद्र शिकवू नका.’’

तेव्हा बसवण्याविषयी एवढेच सांगतो. अँटेना मागच्या कठड्यावर, मोकळ्यावर लावा. डोलकाठीच्या टोकावर चढवण्याची गरज नाही, कारण ५१८ किलोहर्ट्झची लहर खाऱ्या पाण्याच्या पृष्ठभागाला धरून दूरवर जाते आणि उंचीने तिच्यात फारसा फरक पडत नाही. काठीसारखा अँटेना घेतला तर त्याला चांगले अर्थिंग लागते. फायबरच्या नौकेवर ते नीट मिळत नाही, म्हणून लूप पद्धतीचा, अर्थिंग न लागणारा अँटेना घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. व्हीएचएफच्या, म्हणजे बोलण्यासाठीच्या रेडिओच्या, अँटेनापासून तो दूर ठेवा. केबल इन्व्हर्टर, चार्जर आणि दिव्यांच्या वायरींपासून वेगळी न्या, आणि बाहेरच्या जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप घट्ट गुंडाळा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात आतले तांबे हिरवे पडेल. वीज बॅटरीवरून, स्वतंत्र फ्यूजमधून द्यावी, म्हणजे मुख्य स्विच बंद केला तरी यंत्र जागे राहील. स्टेशनांपैकी मुंबईचे जी, वेरावळचे एच आणि वेंगुर्ल्याचे जे निवडा. नौकानयनाचे इशारे, हवामानाचे इशारे आणि शोध-बचावाचे संदेश बंद करता येत नाहीत, ती सोय मुद्दामच ठेवलेली नाही; पण हवामानाचा अंदाज, म्हणजे ई हा प्रकार, बंद करता येतो आणि बरेच जण आवाज नको म्हणून तो करतात. तसे अजिबात करू नका. अंदाज प्रत्येक पाळीला येईलच असे नाही, म्हणून नौका निघण्याच्या आदल्या संध्याकाळीच यंत्र सुरू करून ठेवा.

आता मोबाईलचे. मोबाईल तुम्ही विचारले तर सांगतो. नॅवटेक्स न विचारता सांगतो, आणि दर्यात ज्या वेळी विचारायला हात मोकळा नसतो नेमकी तीच वेळ धोक्याची असते. मोबाईलवर वारा आणि लाटांचे आकडे दिसतील, पण विझलेला दीपस्तंभ, वाहत चाललेला लाकडाचा ओंडका किंवा नौदलाच्या गोळीबाराच्या सरावासाठी बंद केलेले क्षेत्र त्यात दिसणार नाही. शिवाय किनारा मागे पडला की रेंज जाते. २०१७ च्या ओखी वादळात हेच दिसले: इशारा किनाऱ्यावर पोहोचला तेव्हा केरळ आणि तामिळनाडूच्या अनेक मच्छीमार नौका आधीच खोल समुद्रात होत्या, त्यांच्यापर्यंत मोबाईल पोहोचणे शक्यच नव्हते, आणि त्यांतल्या कितीतरी वाऱ्याबरोबर वर येत आपल्या देवगड बंदराच्या आश्रयाला आल्या. ‘आम्ही लांब जातच नाही’ हा साडूंचा आवडता मुद्दा आहे. मुरूडच्या वाटेवर इंजिन बंद पडून ओहोटीबरोबर बाहेर खेचले गेलात तर किती लांब जायचे हे तुमच्या हातात राहत नाही, हे माझे त्यावरचे उत्तर आहे, आणि ते मी आजही बदललेले नाही.

काही गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. नॅवटेक्स फक्त ऐकतो, बोलत नाही. मदत मागायला व्हीएचएफ आणि त्यावरचा चॅनेल १६ लागतोच. ५१८ वरचे संदेश इंग्रजीत असतात, तेव्हा नौकेवर ते वाचणारा कोणीतरी हवा. पल्ला साधारण २५० ते ४०० सागरी मैलांचा असतो, त्यापलीकडे उपग्रहाची सेवा घ्यावी लागते. मे महिन्यातल्या विजांच्या कडकडाटात आणि रात्री लांबच्या स्टेशनांच्या गर्दीत थोडी तारांकने येणारच, त्याला यंत्राचा दोष समजू नये.

शेवटी खास नागपूरकरांसाठी: यंत्र कुरियरने घरी आले की ते टेबलावर लावून पाहण्याचा मोह होतो. ५१८ ही वारंवारता मीडियम वेव्हच्या पट्ट्याच्या किंचित खाली आहे, आणि जमिनीवरून ही लहर लवकर क्षीण होते. इथे दिवसा मुंबई ऐकू येणार नाही. आलीच तर आकाशवाणी नागपूरच्या ५८५ किलोहर्ट्झची आणि घरातल्या ट्यूबलाइट-इन्व्हर्टरची खरखर येईल. तेवढ्यावरून यंत्र परत पाठवू नका. बिल जपून ठेवा आणि चाचणी नौकेवर, चार्जर बंद करून, सकाळी ६.३० ला घ्या.