भुयार नव्हतंच

प्रश्न : दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी कथा लिहितेय. १८५२ साली अमेरिकेतल्या केंटकी या गुलामगिरीच्या राज्यातून पळालेली गुलाम मुलगी ओहायो नदी ओलांडून सुटते. ‘अंडरग्राउंड रेलरोड’चं भुयार कसं रंगवू?

उत्तर : भुयार नको, रूळही नकोत. ते पळालेल्या गुलामांना मदत करणाऱ्या माणसांचं गुप्त जाळं होतं. लपवणारं घर म्हणजे ‘स्टेशन’, वाट दाखवणारा ‘कंडक्टर’. गोधडीवरच्या सांकेतिक खुणाही टाळा, त्यांना भक्कम पुरावा नाही.

खरी अडचण शेवटाची आहे. नदीपलीकडच्या ओहायो राज्यात गुलामगिरी नव्हती, पण पळालेल्या गुलामांना परत धरून नेण्याच्या १८५०च्या कायद्यानं तिला तिथूनही धरून नेता येई. मदत करणाऱ्याला १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. निवाडा करणाऱ्या कमिशनरला परत पाठवल्यास १० डॉलर, सोडल्यास ५! हा हिशेब कथेत जरूर आणा. मुलांना तो चटकन कळतो. तिला डेट्रॉइट नदीपलीकडे कॅनडात पोचवा. तिथे १८३४मध्येच गुलामगिरी कायद्यानं संपली होती.

प्रवास बहुतेक रात्रीचा ठेवा. सप्तर्षींतल्या पुलहाकडून क्रतूकडे रेघ ओढून पुढे नेली की ध्रुव सापडतो. आभाळ भरलं की मात्र वाट चुकते, आणि तुमचं उत्तम प्रकरण तिथेच आहे.