एक्सेल, कोडिंग आणि थोडंफार व्हिडिओ एडिटिंग: ६५ हजारात कुठला लॅपटॉप घ्यावा?

तुमचा प्रश्न वाचला. पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकहाऊसचा हिशोब बघता, सगळं एक्सेलवर, वर पायथन शिकायला घेतलंय, बागेचे छोटे व्हिडिओ एडिट करून टाकायचेत आणि मित्र म्हणतोय की गेमिंगचाच घे, दणकट असतो. मी नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात स्टोअर-डिस्पॅचच्या शीट्स आणि त्यांना लागणारे छोटे प्रोग्राम सांभाळतो, म्हणजे काम बरंचसं तुमच्यासारखंच, म्हणून सरळ सांगतो, गेमिंगचा घेऊ नका.

कारण ६५ हजारात ग्राफिक्स कार्ड द्यायचं म्हटलं की कंपनी दुसरीकडे हात आखडता घेणारच, आणि तो बहुतेक वेळा स्क्रीन आणि बॅटरीवर घेतला जातो. एक्सेलला त्या कार्डाचा काडीचा उपयोग नाही, पायथन शिकायलाही नाही, आणि दोन-चार मिनिटांच्या व्हिडिओला प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स पुरतं. माझा हिशोब साधा आहे, जे नंतर बदलता येत नाही त्यावर आधी पैसे घाला. एसएसडी (फाइल साठवायची डिस्क) उद्या मोठी टाकता येते, स्क्रीन, कीबोर्ड आणि प्रोसेसर घेतला तोच शेवटपर्यंत.

रॅम १६ जीबीच घ्या, ८ वर अजिबात तडजोड नको. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, पण मावतात म्हणजे पळतात असं नाही, फाइल उघडली की ती मेमरीत येऊन बसते आणि शेजारी क्रोमचे वीस टॅब, व्हॉट्सअ‍ॅप आणि व्हीएस कोड (प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर) चालू असला की ८ जीबीचा लॅपटॉप धापा टाकायला लागतो. ऑफिस टाकताना ६४ बिटचंच टाका, ३२ बिटच्या एक्सेलला कितीही रॅम दिली तरी ते थोडीच वापरू शकतं. आणि रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची चिकटवलेली, आहे का हे खरेदीआधीच विचारा, बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये असते आणि मग वाढवायचा विषयच संपतो.

प्रोसेसरच्या बाबतीत नावावर जाऊ नका, इथे लोक हमखास फसतात. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ऐकायला सख्खे भाऊ वाटतात, पण ह्या ७००० सिरीजमध्ये तिसरा आकडा आतली रचना किती जुनी ते सांगतो. पहिल्यात झेन २ ही जुनी रचना, ४ कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग). दुसऱ्यात त्यापेक्षा नवी झेन ३, ६ कोर. दुकानात दोन्हीवर फक्त ‘रायझन ५, ७००० सिरीज’ असं लिहिलेलं असतं. इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा, यू असेल तर बॅटरी जास्त टिकते, एच असेल तर ताकद जास्त पण तापतोही जास्त, आपल्याकडचा एप्रिल-मे लक्षात घ्या. तुमच्या शीटमध्ये मॅक्रो (आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम) असतील तर ते ज्यात लिहितात ते व्हीबीए एका वेळी एकच कोर वापरतं, त्यामुळे खूप कोरपेक्षा एका कोरचा वेग कामाला येतो.

आता स्क्रीन, ह्यावर मी जरा जास्त बोलणार कारण दुकानदार ह्यावर बोलतच नाहीत. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत ‘४५ टक्के एनटीएससी’ असं बारीक अक्षरात असतं, म्हणजे स्क्रीन कमीच रंग दाखवते. अशा स्क्रीनवर हिरवीगार द्राक्षं फिकट दिसतात, मग तुम्ही एडिट करताना रंग वाढवत जाता आणि तोच व्हिडिओ फोनवर बघितला की मणी प्लास्टिकचे वाटतात. ‘१०० टक्के एसआरजीबी’ (रंग नीट दाखवण्याचं माप) लिहिलेला आयपीएस पॅनल, म्हणजे बाजूनं बघितलं तरी रंग न बदलणारी स्क्रीन, शोधा, त्यासाठी दोन-चार हजार जास्त गेले तरी चालतील. रिझोल्यूशन १९२० बाय १२०० असेल तर आणखी बरं, शीटच्या काही ओळी जास्त दिसतात आणि त्या दिवसभर उपयोगी पडतात. साइज १५.६ किंवा १६ इंचच घ्या, कारण उजवीकडचा नंबर पॅड १४ इंचाला बहुधा नसतो, आणि क्रेटचे, वजनाचे आकडे वरच्या ओळीतून टाकत बसणं म्हणजे शिक्षा आहे.

व्हिडिओ ४के मध्ये शूट करू नका, १०८० पुरे. फोन बऱ्याचदा एचईव्हीसीमध्ये (व्हिडिओ खूप दाबून साठवायचा प्रकार) रेकॉर्ड करतो आणि तेच एडिटिंगला जड जातं, तेव्हा दाविंची रिझॉल्व्ह ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आधी प्रॉक्सी, म्हणजे व्हिडिओची हलकी कॉपी, बनवा, फुकटच्या व्हर्जनमध्येही ती सोय आहे.

मॅकबुकचंही विचारलंत. एडिटिंगला उत्तम, कोडिंगला उत्तम, पण मॅकच्या एक्सेलमध्ये पॉवर पिव्हट (मोठ्या डेटाचे तक्ते जोडून हिशोब काढायचं साधन) नाही आणि टॅली थेट चालत नाही. तुमचं पोट हिशोबावर आहे, तेव्हा विंडोजच.

ऑनलाइन किंमत बघून ठेवा पण एकदा नाशिकला एमजी रोडला किंवा कॉलेज रोडला जाऊन हात लावून बघाच. तुमची सगळ्यात जड फाइल पेन ड्राइव्हवर न्या, डिस्प्लेच्या पीसवर ती उघडू द्या म्हणायचं, सगळं पुन्हा कॅल्क्युलेट करायला कंट्रोल-ऑल्ट-एफ९ दाबायचं आणि किती वेळ लागतो ते बघायचं. एक्सेल नाहीच टाकलेलं असं झालं तर निदान टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की खाली रॅमचे किती स्लॉट वापरलेत ते लिहिलेलं असतं. दोनपैकी एकच भरलेला असेल तर तो लॅपटॉप रॅमचा पूर्ण वेग वापरत नाहीये, आतलं ग्राफिक्स रॅमवरच चालत असल्याने एडिटिंगमध्ये फरक कळतो. तशीच रॅमची दुसरी स्टिक टाकून घेतली की काम होतं, फक्त त्याने वॉरंटीला धक्का लागत नाही ना ते बिल करायच्या आधी विचारा.

वॉरंटी ऑनसाइट (माणूस तुमच्याकडे येऊन दुरुस्त करतो) आहे म्हणाले तर पिंपळगावच्या पिनकोडला माणूस येतो का तेही तिथल्या तिथे विचारा, नाहीतर ऐन सीझनमध्ये लॅपटॉप घेऊन नाशिकला चकरा होतात. बिल पॅकहाऊसच्या जीएसटी नंबरवर घ्या, लॅपटॉपवर १८ टक्के आहे, त्याचं क्रेडिट तुम्हाला किती मिळेल ते सीएंना विचारून ठेवा, कारण ताज्या द्राक्षावर जीएसटी नाही आणि निर्यातीचा हिशोब वेगळा असतो.

दोन-तीन मॉडेल पक्की झाली की शेवटच्या अक्षरापर्यंत पूर्ण मॉडेल नंबर इथे टाका, एकाच नावाखाली वेगवेगळ्या स्क्रीनचे पीस येतात. मी बघून सांगतो.