इंग्रजीतल्या 'लाईट' शब्दाचे नेमके अर्थ किती? उजेड आणि हलका, दोन्ही एकच शब्द कसा?

एकच नाही, दोन वेगळे शब्द आहेत. उच्चार घासून घासून सारखा झाला, एवढंच. उजेडाचा 'लाईट' लॅटिनमधल्या 'लुक्स'चा आणि संस्कृत 'रुच्' (चमकणे) धातूचा नातेवाईक. हलका या अर्थाचा 'लाईट' मात्र आपल्या 'लघु'च्या भावकीतला. जर्मनमध्ये आजही दोन्ही वेगळे आहेत: उजेड 'लिख्ट', हलकं 'लाइख्ट'.

गंमत म्हणजे जनावराच्या फुप्फुसांनाही इंग्रजीत 'लाइट्स' म्हणतात. वजनाला हलकी म्हणून! क्रियापद झालं की पेटवणे, फिका रंग असला की 'लाईट ब्लू', आणि 'लाईट स्लीपर' म्हणजे सावध झोपेचा माणूस. 'लाईट इयर' ऐकायला काळ वाटतो, पण ते अंतर आहे, साधारण 9.46 लाख कोटी किलोमीटर.

वीज हा अर्थ आपण चिकटवलेला. आमच्या तासगावाकडं रात्री 'लाईट आली' म्हटलं की माणूस बल्बकडं बघत नाही, मोटर चालू करायला द्राक्षबागेत पळतो. इंग्रजीत तिथं 'पॉवर' किंवा 'इलेक्ट्रिसिटी' म्हणा, नाहीतर समोरचा दिवा शोधत बसेल.