ओळंबा, विलंब आणि ‘डिपेंडन्सी’

बेळगावच्या टिळकवाडीतले एक वाचक विचारतात: घराच्या बांधकामाचं वेळापत्रक मराठीत करतोय, गवंड्याला आणि वायरमनला वाचता यावं म्हणून. कुठलं काम कशावर थांबलंय ते लिहायच्या ‘डिपेंडन्सी’च्या रकान्याला ‘अवलंबित्व’ म्हणू की ‘परावलंबन’?

परावलंबन मुळीच नको. तो शब्द माणसांसाठी ठेवा. गिलाव्याला कसला आलाय स्वाभिमान!

पण आधी एक तक्रार. ‘आमची डिपेंडन्सी आहे’ हे हल्ली कुणीही, कशालाही म्हणतं. वायरमन शहापुरात दुसऱ्याच्या घरी गुंतलाय म्हणून तुमच्याकडे आला नाही, ही डिपेंडन्सी नव्हे. दुसरा वायरमन बघा, प्रश्न मिटला. भिंतीत पाइप गाडल्याबिगर गिलावा मारता येत नाही, ही डिपेंडन्सी. तिथे दहा गवंडी उभे केलेत तरी गिलावा नंतरच. एकात माणूस अडलाय, दुसऱ्यात कामच कामाला अडलंय. वेळापत्रकवाले याचे चार प्रकार करतात: हे संपलं की ते सुरू, हे सुरू झालं की तेही सुरू, आणि असेच आणखी दोन. घरबांधणीत नव्वद टक्के वेळा पहिल्यावर भागतं. सोडा.

खरी गंमत ‘अवलंब’मध्ये आहे. संस्कृत धातू लम्ब्, म्हणजे लटकणे. अव-लंब म्हणजे खाली लटकणे. शब्दातल्या ‘अव’चा ‘ओ’ होणं आपल्याकडे जुनंच: लवणाचं लोण, नवनीताचं लोणी. ‘ल’चा ‘ळ’ही तसाच, फलाचं फळ. आता हे दोन्ही ‘अवलंब’ला लावा. काय मिळालं? ओळंबा! तुमच्या गवंड्याच्या पिशवीतला, भिंत सरळ उभी आहे का ते बघायचं दोरीला बांधलेलं वजन.

यावर एका निवृत्त मास्तरांनी मला भर कार्यक्रमात सुनावलं होतं की ओळंबा म्हणजे ‘ओळ’ अधिक ‘लंब’. मास्तरांनी आयुष्यात वीट रचलेली नसावी. ओळ आडवी असते, आणि ती धरायला गवंडी दोन टोकांना सूत ताणतो. ओळंबा उभा. वजनाच्या रुंदीएवढाच गुटका वर भिंतीला टेकवायचा, खाली वजन सोडायचं आणि ते भिंतीला जेमतेम चाटतंय का ते बघायचं. ओळीचा तिथे संबंधच नाही. ‘ओळ’ आली ‘आवली’वरून, तिचं घराणं वेगळं. आणि कानडीत ओळंब्याला काय म्हणतात? तूगुगुंडू. तूगु म्हणजे लटकणं, झुलणं. म्हणजे कानडी गवंड्यालाही त्यात ओळ दिसली नाही, लटकणंच दिसलं. मास्तरांनी खानापूर रोडच्या कुठल्याही साइटवर अर्धा तास उभं राहावं, एवढंच म्हणतो.

त्याच लम्ब् धातूचा दुसरा मुलगा ‘विलंब’. जे लटकलं ते लांबलं. आता इंग्रजीकडे बघा. ‘डिपेंड’ लॅटिनमधल्या लटकण्यावरूनच आलाय, आणि सरकारी फायलीवरचं ‘पेंडिंग’ही तिथूनच. अवलंब-विलंब, डिपेंडिंग-पेंडिंग! एकमेकांना न विचारता दोन्हीकडच्या लोकांनी ताडलं की जो दुसऱ्यावर लटकतो त्याला उशीर होतो.

पण सगळाच विलंब वाईट नसतो. काँक्रीटसाठीच्या भारतीय मानक 456 प्रमाणे, साध्या सिमेंटच्या स्लॅबचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरपर्यंत असेल तर खालचे टेकू किमान 7 दिवस ठेवायचे, त्याहून मोठा असेल तर 14. वेळापत्रकात याला ‘लॅग’ म्हणतात. मी सरळ ‘ठेवलेला विलंब’ म्हणेन.

‘खोळंबा’सुद्धा याच लटकणाऱ्या घराण्यातला, असा माझा जुना तर्क आहे. त्यातला ‘ळंब’ ऐका की! पहिल्या ‘खो’चा हिशेब लागत नाही म्हणून विद्वान नाक मुरडतात. मुरडू देत. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की ओळंबा डुलत राहतो, गवंडी त्याच्याकडे बघत उभा, त्याच्यामागे विटा घेऊन बाई उभी. याला खोळंबा नाही तर काय म्हणायचं?

हां, रकान्याचं राहिलंच. ‘अवलंबित्व’ चुकीचं नाही, पण गवंडी ते वाचणार नाही. तो ‘वायरिंगवर गिलावा अडलाय’ म्हणतो. तेव्हा वर ‘आधी काय?’ लिहा, आणि खाली फक्त त्या कामाचा नंबर. सेंट्रिंगवाले कानडी असतील तर शेजारी ‘मोदलु एनु?’ लिहून टाका.