बाबासाहेब खरंच अर्थशास्त्रज्ञ होते का, की हे बिरुद नंतर चिकटवलं? आणि वाचायचं तर सुरुवात कुठून करू?

'चिकटवलं' हा शब्द झोंबला म्हणून लिहितोय. अहो, कोलंबियाची पीएचडी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डीएस्सी, दोन्ही अर्थशास्त्रातल्याच, आणि राज्यघटना त्याच्या कितीतरी नंतरची. १९२३ ला रुपयावरचं पुस्तक आलं तेव्हा केन्ससारखा मोठा इंग्रज अर्थशास्त्रज्ञ ज्या चलनपद्धतीची बाजू घेत होता तिलाच बाबासाहेबांनी विरोध केला, कारण सरकारला मनात येईल तेवढे रुपये पाडता आले की रुपयाची किंमत घसरते आणि महागाईत आधी गरीब भरडतो.

पण माझ्या कामी आला तो १९१८ चा लेख, लहान शेतजमिनीवरचा. माझे वडील गेले तेव्हा मी नागपुरात बीकॉमला होतो, इंदोऱ्यात खोली करून, आणि आई गावी, भिवापूरकडे. पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्याच दिवशी मोठ्या काकांनी हक्कसोडपत्राचा विषय काढला. त्यांचे अडीच एकर, आमचे अडीच. म्हणे, "एवढुशा तुकड्यात काय होते बापू? पाच एकर एका हाती राहिले तरच परवडते, पुस्तकातबी तेच लिहून हाये." काका शाळेत मास्तर, त्यांच्यासमोर आमच्या घरात कोणी बोलत नव्हतं, मीही गप्प बसलो आणि आई नुसती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

त्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवरून शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा इंग्रजी पहिला खंड घेतला, त्यात हा लेख आहे. डिक्शनरी घेऊन आठवडाभर वाचला. त्यात बाबासाहेब म्हणतात की शेत लहान की मोठं हे नुसतं एकरावर ठरत नाही, त्या जमिनीला बैल, अवजारं, पैसा किती आहे त्यावर ठरतं. आणि पुढे तर म्हणतात की आपल्याकडची शेतं परवडत नाहीत ती लहान आहेत म्हणून नाही, शेतकऱ्याजवळच्या साधनांच्या मानाने मोठी आहेत म्हणून! हे वाचलं आणि मला आमचं शेत दिसलं. बैलजोडी काकांची, त्यांची डवरणी उरकली की मग आमची पाळी, तोवर आमच्या सोयाबीनमध्ये गुडघाभर तण. विहीर होती पण मोटर नव्हती. जमीन कमी नव्हतीच, बाकी सगळं कमी होतं.

मी सही केली नाही. आईने बचत गटातून कर्ज उचललं, मोटर बसवली, डवरणीला भाड्याची जोडी वेळेवर सांगितली, आणि त्याच अडीच एकरात पुढच्या वर्षी सोयाबीन झालं, त्यावर हरभराही झाला. काका तीन वर्षं आमच्याशी बोलले नाहीत.

आता हेही सांगतो, तो लेख तुकड्यांचं कौतुक करत नाही. शेतीवर रिकामे हात फार झालेत, त्यांना कारखान्यात काम द्या, मग जमिनी आपोआप एकत्र येतील असा त्यांचा क्रम आहे. १९४७ मध्ये तर त्यांनी शेती सरकारी उद्योग करा असंच मांडलं, ते मला स्वतःला पटत नाही. आणि रिझर्व्ह बँक त्यांच्या पुस्तकातून जन्मली असं लोक ठोकून देतात, तेवढं ताणू नका, १९२५-२६ च्या चलन आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली होती हे मात्र खरं. पण १९२७ मध्ये मुंबई कौन्सिलात लहान शेतकऱ्यांना दिलासा देतो म्हणणारं, पण जमिनीच्या वाटण्यांवर बंधन घालणारं बिल आलं तेव्हा त्याला विरोध करायला हेच उभे राहिले.

तेव्हा सुरुवात त्या लेखापासून करा, रुपयावरचं नंतर. आणि घरात कोणी परवडत नाही म्हणून हक्कसोडपत्र पुढे केलं तर आधी विचारा, बैल कोणाचे आणि पाणी कोणाचं. काकांना मला तेव्हा हेच विचारायचं होतं, मी फक्त "सही करत नाही" एवढंच बोललो.