गोठूनही जगणारा सुरवंट

प्रश्न : सर, माझ्या सातवीतल्या मुलीनं वाचलं की ध्रुवाकडे एक सुरवंट उणे साठ अंशांतही मरत नाही आणि चौदा वर्षं जगतो. खरं आहे का? त्याचे कोणी भाऊबंद नागपुरात दिसतील का? – एक वाचक, धरमपेठ

उत्तर : थंडीचं खरं आहे, चौदा वर्षांचं नाही. ग्रीनलंड आणि कॅनडाच्या अतिउत्तरेला राहणाऱ्या या पतंगाचं नाव गायनिफोरा ग्रोएनलँडिका. त्याला वाढायला चौदा वर्षं लागतात, असा अंदाज १९८७ साली मांडला गेला होता. १९९८ मध्ये तो सातवर आणला गेला. तरीही सातच्या सात वर्षं जवळजवळ सुरवंट म्हणूनच जातात. पतंग झाल्यावर तो काही खातही नाही. जोडी जमवायची, अंडी घालायची आणि संपायचं.

थंडीत त्याच्या अंगात ग्लिसरॉल हा पाकासारखा दाट द्रव साठतो, म्हणून शरीर गोठूनही पेशी तगून राहतात. पण मुलीला मुद्दाम सांगा तो जून महिना. हवा पाच-दहा अंश असताना हा बहुतेक वेळ उन्हाकडे आडवं अंग करून नुसता पडलेला असतो. दाट केसांमुळे ऊब टिकते आणि अंग तीस अंशांच्या आसपास तापतं. तेवढी ऊब मिळाली की पोटातलं अन्न नीट पचतं. खायचं काय, तर मुख्यतः आर्क्टिक विलोची कोवळी पानं. हे आपल्या वाळुंजाच्या कुळातलं, जमिनीला चिकटलेलं झुडूप.

आणि जून सरला की भर उन्हाळ्यात हा खाणं थांबवून, रेशमाचं पातळ आवरण विणून दडी मारतो! पानांतला कस तोवर उतरलेला असतो, शिवाय त्याच्या अंगावर अंडी घालणाऱ्या परजीवी माश्या आणि गांधीलमाश्या फिरू लागतात. अर्ध्याहून अधिक सुरवंट त्यांच्यापायी मरतात. थंडी पचवणाऱ्या या जीवाला खरी धास्ती आहे ती या माश्यांची, आणि मला तरी त्याच्या आयुष्यातली हीच गोष्ट सगळ्यांत विलक्षण वाटते.

त्याचे भाऊबंद आपल्याकडे आहेत. पावसाळ्यात रिकाम्या प्लॉटवरच्या एरंडाची पानं उलटून बघा. पाठीवर केसांचे आखूड, दाट झुबके असलेली अळी दिसली, तर ती बहुधा याच गोतातली. मुलीला जरूर दाखवा, पण हात लावू देऊ नका. ते केस टोचले की खाज सुटते, पुरळ उठतं. कोषातही तेच केस विणलेले असतात, त्यामुळे रिकामा कोषसुद्धा काडीनंच उचला.