सिलेंडर संपत आल्यावर आडवा करून उरलेला गॅस वापरला तर चालतो का?

तुम्ही विचारलंय की सिलेंडर आडवा केला किंवा गरम पाण्याच्या परातीत ठेवला तर आणखी दोन दिवस जातो, आजूबाजूला सगळेच करतात, मग बिघडलं कुठे? आडवा करू नका. एकदाही नाही.

2011 साली आम्ही कसबा पेठेतल्या एका वाड्यात तळमजल्यावर दोन खोल्यांत राहायचो. दुसरी जागाच नसल्यामुळे गणपतीचं मखर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. चतुर्थीला मोदकांचा दुसरा घाणा चढवला आणि शेगडी मंदावली. नंबर लावलेला, पण सिलेंडर आला नव्हता. भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर, म्हणाले, "थांब, अजून आहे त्यात," आणि त्यांनी ओट्याखालचा सिलेंडर ओढून पोत्यावर आडवा केला.

ज्योत मोठी झाली खरी. मग निळी होती ती पिवळी झाली, वीतभर वर गेली, मोदकपात्र बुडाशी काळं पडलं. भाऊजींनी शेगडीचं बटण बंद केलं. मी खाली विळीवर नारळ खवत होते, मला वास आला. ते उभे होते. "मला कुठे येतोय?" म्हणाले, आणि आजही तेच म्हणतात.

उभ्या माणसाला येणार कसा? हा प्रोपेन आणि ब्यूटेनचा गॅस, हवेच्या दीड ते दोन पट जड. तो फरशीवरून सरपटतो आणि मोरीत उतरतो. सिलेंडर ओढताना नळी रेग्युलेटरपाशी सैल झाली होती. तिथून फुसफुस चालली होती आणि त्या तोंडावर फ्रीजमधल्यासारखा पांढरा बर्फ धरला होता. म्हणजे नुसती वाफ नाही, पातळ गॅसच बाहेर पडत होता. सिलेंडर उभा असताना पातळ गॅस तळाशी आणि वाफ वर राहते, रेग्युलेटर त्या वाफेसाठीच बनवलेला असतो. आडवा केला की पातळ गॅस तोंडाशी येतो, आणि त्याच्या एका लिटरचा साधारण अडीचशे लिटर वायू होतो. "तळाशी थोडासाच उरलाय" म्हणणाऱ्यांनी हा हिशोब करावा.

मखरासमोर समई तेवत होती, जमिनीवर, माझ्यापासून दोन हातांवर. मी ती फुंकली. मग रेग्युलेटर बंद केला. तेवढ्यात भाऊजींचा हात एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे गेला आणि मी ओरडले, "हात लावू नका!" बटणात ठिणगी पडते, आणि पंखा छताशी, गॅस पायाशी. मुलांना घेऊन सासूबाई अंगणात गेल्या. दार उघडलं तरी गॅस उंबऱ्याआड अडून राहिला, तो यांनी सुपाने वारा घालून बाहेर काढला.

गणपतीसमोरचा दिवा फुंकला म्हणून सासूबाई त्या दिवशी बोलल्या, नंतर कधीच नाही. भाऊजी मात्र दर चतुर्थीला चारचौघांत काढतात. हवेत दोनेक टक्के गॅस मिसळला की पेटायला ज्योत पुरते, आणि ती ज्योत गॅसच्याच पातळीवर होती. दिवा शांत करायला फूल शोधत बसायची ती वेळ नव्हती. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा फुंकेन.

गरम पाण्याचं म्हणाल तर तेही नको. ऊब लागली की आतला दाब वाढतो, ज्योत थोडा वेळ सुधारते, गॅस काही वाढत नाही. फुकट जातो असं वाटत असेल तर वजन करा. रिकाम्या सिलेंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं आणि घरगुती सिलेंडरमध्ये 14.2 किलो गॅस भरतात. काटा लावलात की किती उरला ते कळेल.

एक राहिलं. पुण्यात आता पुष्कळ घरांत पाइपचा गॅस आहे, तो मिथेन, हवेपेक्षा हलका, वर छताकडे जातो. तिथे वरची खिडकी उघडायची. बटणांना हात मात्र दोन्हीकडे लावायचा नाही. सिलेंडर गळत असेल तर रेग्युलेटर काढून दोरीची प्लास्टिकची टोपी घट्ट बसवा, बाहेर पडा आणि बाहेरूनच 1906 ला फोन करा. नळी सुरक्षा नळीच घ्या आणि पाच वर्षांनी बदला. आमची तेव्हा किती जुनी होती, हे भाऊजींनाही माहीत आहे, ती त्यांनीच आणली होती.